लिची, तिचे सख्खे सोयरे आणि तिचे नाव लावणारी परकी झाडे

तांबडी_माती (खानापूर)

सर्व सभासदांना नमस्कार.

मे महिन्याच्या अखेरीस बेळगावच्या बाजारात बिहारकडची लिची उतरते आणि पाऊस स्थिरावेपर्यंत ती हातगाड्यांवर दिसत राहते. याच दिवसांत रोपवाटिकांकडे लिचीच्या रोपांची विचारणा वाढते, आणि अलीकडे या एकाच नावाखाली एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेली झाडे आपल्या भागात विकली जाताना मी पाहतो आहे. कोणी गुटी कलमाची (झाडावरच फांदीला मुळे फोडून केलेल्या रोपाची) खरी लिची देतो, कोणी रांबुतान 'केसाळ लिची' म्हणून देतो, तर कोणी 'लिची टोमॅटो' अशी चिठ्ठी लावलेले काटेरी रोप हातात ठेवतो. घेणारा मात्र एकाच समजुतीने घरी येतो की नावात लिची आहे, तेव्हा फळ गोडही असणार आणि निर्धोकही असणार. ही समजूत दूर व्हावी, आणि त्याचबरोबर खानापूर-चंदगडच्या रानात लिचीचे जे खरे सोयरे उभे आहेत त्यांच्याकडे आपले लक्ष जावे, यासाठी हा धागा काढत आहे.

लिचीचे मूळ घर दक्षिण चीन आणि व्हिएतनामचा उत्तर भाग. चीनमध्ये केवळ लिचीवर लिहिलेला स्वतंत्र ग्रंथ १०५९ मध्येच झाला होता, आणि त्याच्याही तीनशे वर्षे आधी तांग घराण्यातील सम्राटाने आपल्या लाडक्या राणीसाठी दक्षिणेतून घोडेस्वारांच्या टप्प्याटप्प्याने ताजी लिची आणवल्याची कथा तिथे अजून सांगितली जाते. भारतात ती अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रह्मदेशमार्गे आली, पूर्वेकडच्या प्रांतांत रुजली आणि मुझफ्फरपूर तिचे माहेरघर झाले. तिथल्या 'शाही' लिचीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून राष्ट्रीय लिची संशोधन केंद्रही तिथेच आहे.

आता तिचे कुळ पाहू. मराठीत त्याला अरिष्ट कुल म्हणतात, आणि ते नाव ज्या झाडावरून पडले तो रिठा. रांबुतान, पुलासान, लाँगन ही आग्नेय आशियातील प्रसिद्ध फळे याच कुळातली. लिची सोलून नीट पाहिल्यास या कुळातील फळांची खूण लगेच लक्षात येते. बाहेर खडबडीत, तांबूस, पातळ पण कडक साल, तिच्या आत पांढरा अर्धपारदर्शक गर, आणि मध्ये चकचकीत तपकिरी बी. हा गर फळाच्या भिंतीचा नसतो, तर बीच्या बुडाशी उगवून वर वर चढत तिला वेढणारा मांसल पडदा असतो. आंबा खाताना आपण फळाची भिंत खातो, लिची खाताना बीचा अंगरखा खातो.

नेमकी हीच रचना आपल्या कोशिंबाच्या फळात आहे. काहीजण त्याला कुसुंब म्हणतात, कानडीत सागडे. फाल्गुन-चैत्रात जांबोटीच्या बाजूला ज्या झाडाची कोवळी पालवी लालभडक होऊन दुरूनही ओळखू येते, तेच हे झाड. त्याचे फळ बोराएवढे, करड्या-तपकिरी सालीचे, कधी त्या सालीवर दोन-चार बोथट काटे असलेले. साल दातांखाली फुटली की आत एक किंवा दोन बिया आणि प्रत्येक बीभोवती पिवळसर, रसाळ, झणझणीत आंबट गर. गुरे राखणाऱ्या मुलांना तो चांगला ठाऊक असतो. दुसरा सोयरा म्हणजे वुंब, सह्याद्रीच्या सदाहरित रानातला रानटी लाँगन. त्याचे फळ लहान, गर पातळ, पण गोडी लिचीच्याच जातकुळीची.

आपल्याकडे लिची या नावाने आणखी काय विकले जाते, कोणी काय लावले आणि काय अनुभव आला, हे कृपया सविस्तर लिहावे.

शहापूरवासी

धागा काढल्याबद्दल आभार, दादा. माझा प्रश्न थेट 'लिची टोमॅटो'विषयी आहे. ऑनलाइन मागवलेल्या बियांच्या पाकिटावर हे नाव छापलेले होते. गच्चीवरच्या कुंडीत रोप माझ्या कमरेपर्यंत वाढले आहे. पाने खोलवर कातरलेली, हात लावला तर चिकट लागतात, आणि खोड, देठ, एवढेच काय पानांच्या शिरांवरही पिवळसर-नारिंगी काटे आहेत. फुले वांग्याच्या फुलासारखी, पण पांढरी, किंचित जांभळट झाक असलेली. फळ सुरुवातीला काटेरी वेष्टनात पूर्ण झाकलेले असते. आता काही वेष्टने मागे उलटून आतली फळे लाल होऊ लागली आहेत. घरात लहान मुले असल्यामुळे तोडण्यापूर्वी विचारावेसे वाटले. हे फळ खाता येते का, आणि खऱ्या लिचीशी याचे काही नाते आहे का?

रानफुलांची_वही (टिळकवाडी)

शहापूरवासी ताई, आपण खाण्यापूर्वी विचारलेत हे फार योग्य केले. मी अनेक वर्षे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले, त्या आधारावर लिहिते.

आपल्या वर्णनावरून हे झाड सोलॅनम सिसिंब्रीफोलियम आहे असे मी सांगू शकते. कुळ धोतऱ्याचे, म्हणजे टोमॅटो, वांगे, बटाटा आणि मिरची यांचे. लिचीशी त्याचे कोणतेही नाते नाही. ते मूळचे दक्षिण अमेरिकेतले असून काटेरी वेष्टनातून उघडणाऱ्या लाल फळाच्या रूपामुळे त्याला लिचीचे नाव मिळाले आहे. पूर्ण पिकलेले, गडद लाल झालेले, वेष्टन आपणहून मागे उलटलेले आणि हलक्या हाताने सुटून येणारे फळ खाल्ले जाते. चव आंबटगोड, टोमॅटो आणि चेरी यांच्या मधली. हिरवे किंवा अर्धवट रंगलेले फळ मात्र मुळीच खाऊ नये, आणि पाने, खोड, मुळे यांचा तर प्रश्नच नाही, कारण त्यांत सोलासोडीनसारखी विषारी द्रव्ये असतात. मुलांच्या हाताला लागेल अशा जागी ही कुंडी ठेवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. पिकलेल्या फळाच्या मोहाने हात घालताना बोटांत काटे रुततात, आणि लहान मूल लाल व नारिंगी यांतला फरक करत बसत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. आपल्या माळांवर, बांधांवर आणि रस्त्यांच्या कडेला याच कुळातली काटेरी झुडपे भरपूर उगवतात, आणि 'लिची टोमॅटो' खाल्लेला माणूस त्यांच्याकडेही त्याच नजरेने पाहू लागण्याचा धोका आहे. काटेरिंगणी जमिनीलगत पसरते, तिची फुले स्पष्ट जांभळी आणि पिकलेली फळे पिवळी असतात. ती औषधी खरी, पण तोंडात टाकण्याचे फळ नव्हे. डोरलीची लहान नारिंगी फळेही तशीच. फळ लाल नसेल किंवा काटेरी वेष्टनातून बाहेर पडलेले नसेल, तर ते 'लिची टोमॅटो' नव्हे एवढी खूण मनात पक्की ठेवावी. ती खूण पटली तरी रानात उगवलेले झाड जाणकाराला दाखवल्याशिवाय फळ तोडू नये. ही वनस्पती भारतात अनेक ठिकाणी तण म्हणून पसरलेली आहे, तेव्हा ती आपल्याकडच्या मोकळ्या जागेत सापडणे अशक्य नाही.

कुंडीतली फळे गळून शेजारच्या शेतात जाणार नाहीत याचीही काळजी घ्यावी. दक्षिण आफ्रिकेत या झाडाने चराऊ जमिनी इतक्या व्यापल्या की त्याची पाने खाणारा भुंगेरा मुद्दाम आणून सोडावा लागला.

बेळवट्टी_शिवार

ताई, हे काटेरी झाड बटाट्याच्या शेतासाठी उपयोगाचे आहे असे कृषी मेळाव्यात कोणीतरी सांगितले होते. आमच्या पट्ट्यात बटाटा हे मोठे पीक आहे. यात तथ्य आहे का?

रानफुलांची_वही (टिळकवाडी)

तथ्य आहे, मात्र ते कोणत्या परिस्थितीत लागू पडते हे समजून घ्यायला हवे.

बटाट्याच्या मुळांवर एक सूक्ष्म सूत्रकृमी बसतो. त्याच्या माद्या मेल्यावर त्यांच्या शरीराचीच कडक पुटी होते आणि तिच्या आत अंडी वर्षानुवर्षे जमिनीत टिकून राहतात. बटाट्याच्या मुळांतून झिरपणारा द्रव जवळ आला की ही अंडी उबतात. 'लिची टोमॅटो'ची मुळेही तसाच द्रव सोडतात, त्यामुळे अंडी उबून अळ्या बाहेर पडतात, पण या झाडाच्या मुळांत त्यांची वाढ पूर्ण होत नाही आणि त्या मरतात. म्हणून नेदरलँड्स आणि इंग्लंडमध्ये हे झाड बटाट्याच्या फेरपालटात सापळा पीक म्हणून घेतले गेले. भारतात हा सूत्रकृमी १९६१ मध्ये निलगिरीत प्रथम आढळला आणि पुढे हिमालयीन राज्यांतही सापडला, त्यामुळे अशा भागांतून बटाट्याचे बेणे बाहेर नेण्यावर निर्बंध आले.

आपल्याकडच्या शेतकऱ्याने यातून एकच गोष्ट घ्यावी, ती म्हणजे खात्रीचे, प्रमाणित बेणे वापरणे. ज्या जमिनीत हा सूत्रकृमी असल्याचे तपासणीत दिसलेले नाही, तिथे त्याच्यावरचा उपाय म्हणून काटेरी तण लावणे शहाणपणाचे नाही. वांगी-टोमॅटोची कलमे बांधण्यासाठी खुंट म्हणून या झाडाचा उपयोग होतो हे खरे, कारण जमिनीतून येणाऱ्या मर रोगाला ते बऱ्यापैकी तोंड देते. पण ते काम रोपवाटिकेच्या बंदिस्त जागेतले आहे, शेतातले नाही.

बाजारगल्ली_बेळगाव

आमचा फळांचा व्यवसाय आहे, म्हणून खऱ्या लिचीविषयी थोडे लिहितो. आंबा, केळी, चिकू घरी नेऊन पिकवता येतात. लिची झाडावरून उतरवली की पुढे पिकत नाही. हिरवट माल स्वस्तात घेऊन ठेवला तर तो गोड होण्याऐवजी सुकत जातो. उतरवल्यापासून दोन-तीन दिवसांत साल वाळून तपकिरी पडू लागते आणि ग्राहक नाक मुरडतो, पण नुसती साल तपकिरी झाली म्हणून आतला गर बिघडलेला नसतो. फळ दाबून पाहावे. घट्ट लागले आणि देठाजवळ ओल किंवा आंबूस वास नसेल, तर माल चांगला आहे. पानांसकट झुबका घ्यावा, त्याने ओलावा टिकतो. घरी नेल्यावर ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवावी.

केरळहून येणारे रांबुतान आम्ही त्याच नावाने विकतो. त्याला 'केसाळ लिची' म्हणणारे ग्राहकच जास्त आहेत, आणि नाते खरोखर असल्यामुळे त्यात फसवणूक आहे असे मला वाटत नाही.

निपाणीची_ओपीडी

रांबुतानबद्दल सहमत आहे. मात्र नात्याचा विषय निघाला आहे, तर त्याची दुसरी बाजू एक बालरोगतज्ज्ञ म्हणून मांडणे माझे कर्तव्य आहे.

मुझफ्फरपूर परिसरात लिचीच्या हंगामात लहान मुलांना पहाटे झटके येत, ती बेशुद्ध होत आणि अनेक मुले दगावत. बराच काळ हा विषाणूजन्य मेंदूज्वर मानला गेला. २०१४ च्या हंगामात भारतीय आणि अमेरिकी रोगनियंत्रण संस्थांनी मिळून तिथल्या दोन रुग्णालयांतल्या मुलांचा अभ्यास केला. दाखल झालेल्या ३९० मुलांपैकी १२२ मुले गेली होती. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आजारी मुलांच्या लघवीत हायपोग्लायसिन (रक्तातील साखर उतरवणारे द्रव्य) आणि त्याच्याच जातीचे आणखी एक द्रव्य यांच्या खुणा मिळाल्या, आणि रात्रीचे जेवण न घेता लिची खाल्लेल्या मुलांना धोका अधिक असल्याचे दिसले.

हे कसे घडते ते सोप्या शब्दांत सांगतो. रात्रभर उपाशी राहिलेल्या मुलाच्या यकृतातला साखरेचा साठा पहाटेपर्यंत संपत येतो. अशा वेळी शरीर चरबी जाळून आणि नवी साखर तयार करून वेळ निभावते. लिचीतील ही द्रव्ये नेमके हेच दोन मार्ग अडवतात. कुपोषित मुलाकडे साठाच कमी असतो, म्हणून त्याची रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते आणि मेंदूला उपासमार होते. रोज पोटभर जेवणाऱ्या मुलाने दुपारी चार-सहा पिकलेल्या लिची खाल्ल्या तर घाबरण्याचे कारण नाही. फळ उत्तम आहे, शंभर ग्रॅम गरात सुमारे ७० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. मात्र उपाशीपोटी, सकाळी उठल्याउठल्या, किंवा रात्रीच्या जेवणाऐवजी ती मुलांना देऊ नये. कच्च्या फळात ही द्रव्ये जास्त असतात, म्हणून कच्ची लिची टाळावी, आणि बी चावू देऊ नये. लिची खाल्लेल्या मुलाला झटके आले किंवा ते भान हरपू लागले, तर तोंडात काहीही न घालता तत्काळ रुग्णालय गाठावे आणि लिची खाल्ल्याचे तिथे आवर्जून सांगावे, म्हणजे साखर लगेच तपासली जाते.

हायपोग्लायसिन प्रथम सापडले ते लिचीत नव्हे, तर अॅकी या फळात. पश्चिम आफ्रिकेतून जमैकात गेलेले हे झाड अरिष्ट कुलातलेच, आणि आज ते जमैकाचे राष्ट्रीय फळ आहे. झाडावर आपोआप उकललेल्या फळाचाच गर तिथे शिजवून खातात. न उकललेले फळ खाल्ल्याने होणाऱ्या विषबाधेमुळे अमेरिकेने या फळाच्या आयातीवर १९७३ पासून २००० पर्यंत बंदी ठेवली होती. लिची, लाँगन, अॅकी यांना एकाच घरात बसवणारे वनस्पतिशास्त्र डॉक्टरांच्याही उपयोगी पडते ते असे.

कणकुंबी_वाट

डॉक्टरसाहेबांचा प्रतिसाद वाचून एक शंका आली. आमच्या घरी आजी कोशिंबाच्या बियांचे तेल डोक्याला आणि दुखऱ्या सांध्यांना लावत असे. कोशिंब लिचीच्याच कुळातला, तर हे तेलही धोक्याचे समजायचे का? आणि मुले त्याचा गर पिढ्यान्‌पिढ्या चोखत आली आहेत, त्याचे काय?

रानफुलांची_वही (टिळकवाडी)

कोशिंबाचा पिकलेला गर खाण्याची रीत भारतभर आहे आणि ती चालू ठेवण्यास हरकत नाही. बी मात्र वेगळी. तिच्या तेलात सायनाइड सुटू शकेल अशी द्रव्ये असतात, त्यामुळे ते तेल खाण्याचे नव्हे. केसांना आणि अंगाला लावण्याची आजींची पद्धत तेल बाहेरून वापरण्याची होती, आणि ती या माहितीशी जुळतेच. एकेकाळी युरोपात केसांना लावण्यासाठी 'मॅकॅसर तेल' म्हणून जे विकले जाई, त्याचा संबंध याच बियांच्या तेलाशी लावला जातो.

अरिष्ट कुलातील फळांच्या बाबतीत एक रेघ आखून ठेवावी : गर पूर्ण पिकलेला असेल तर खावा, आणि बी थुंकून टाकावी. रिठ्याला तर खाण्याजोगा गरही नाही, त्याची साल फेसासाठीच.

चंदगडची_काजूबाग

लागवडीचा विषय काढतो. मी काजूच्या बागेच्या कडेला गुटी कलमाची लिची लावली आहे. झाड उत्तम वाढले, वर्षातून अनेकदा तांबूस पालवी येते, ती हिरवी होते, पुन्हा पालवी येते, पण मोहोर नाही. रोपवाटिकेने तिसऱ्या वर्षी फळ येईल असे सांगितले होते. खत वाढवावे का?

तांबडी_माती (खानापूर)

खत वाढवू नये, उलट आखडते घ्यावे. लिचीचा मोहोर फांदीच्या टोकाला येतो, आणि त्यासाठी ती फांदी पावसाळ्यानंतर पक्व होऊन थंडीत स्वस्थ राहावी लागते. हिवाळ्यात काही आठवडे चांगला गारवा आणि जमिनीत कोरडेपणा मिळाला की टोकाची कळी मोहोराकडे वळते. आपल्याकडे परतीचा पाऊस ऑक्टोबरात, कधी नोव्हेंबरातही पडतो, त्याने झाड पुन्हा पालवते, आणि ऐन थंडीत कोवळी पालवी अंगावर असली की त्या वर्षीचा मोहोर गेला असे समजावे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्यामुळे रात्री गार होतात, पण उत्तर बिहारसारखी सलग थंडी इथे नसते.

पाऊस संपताच नत्रयुक्त खत आणि पाणी बंद करावे, आणि मोहोराचे तुरे स्पष्ट दिसेपर्यंत पाणी देऊ नये. सप्टेंबरनंतर छाटणी करू नये. झाड जोमदार असेल तर काही फांद्यांवर सालीचे अरुंद वलय काढण्याची पद्धत आहे, पण सगळ्या फांद्यांवर ती एकदम करू नये. पानांच्या खालच्या बाजूस तपकिरी मखमलीसारखा थर आणि पाने वळलेली दिसली, तर तो लिचीचा कोळी, म्हणजे पानाला लागणारी अतिसूक्ष्म कीड असते. अशा फांद्या छाटून जाळाव्यात. हा कोळी बहुधा कलमासोबतच येतो, म्हणून रोप घेताना पान उलटून पाहावे.

जमिनीच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. लिचीला किंचित आम्ल, निचऱ्याची जमीन मानवते, आणि खानापूर-चंदगडची तांबडी माती तशीच आहे. बैलहोंगल किंवा गोकाककडच्या काळ्या जमिनीत मी कोणालाही लिची लावण्याचा सल्ला देणार नाही. लिचीच्या मुळांना उपयुक्त बुरशीची सोबत लागते, म्हणून जुन्या लिचीच्या बुडातली थोडी माती मिळाली तर ती खड्ड्यात मिसळावी. बीपासून रोप करण्याच्या भरीस पडू नये. बी फळातून काढल्यावर काही दिवसांतच उगवण्याची शक्ती गमावते, आणि उगवले तरी फळासाठी दहा वर्षे किंवा त्याहून अधिक थांबावे लागते. गुटीचे कलम साधारण चौथ्या-पाचव्या वर्षापासून फळू शकते, तेव्हा तिसऱ्या वर्षाचे आश्वासन मुळातच घाईचे होते.

कर्नाटकातच कोडगूच्या उंच भागात लिची फळते, आणि तीही हिवाळ्यात, म्हणजे बिहारचा हंगाम नसताना. तेव्हा दक्षिणेत लिची येतच नाही असे नाही. पण चंदगड-खानापुरात काजू काढून लिची लावावी असे कोणी सुचवत असेल तर ते ऐकू नये. घरापुरती दोन झाडे, एवढाच मान तिला द्यावा.

वाचनालय_निपाणी

नावाच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण चीनमध्ये तर लिचीच्या नावाचा पसारा आपल्यापेक्षाही मोठा आहे. आपले सीताफळ अमेरिका खंडातून आशियात आले. चीनमध्ये त्याच्या खवलेदार रूपामुळे त्याला 'परदेशी लिची' हे नाव पडले, आणि आज तिथल्या वनस्पतिशास्त्रात सीताफळाचे सबंध कुळ त्याच नावाने ओळखले जाते, म्हणजे रामफळ आणि मामफळ यांच्याही नावात लिची आहे. हिमालयात कुमाऊँ-गढवालकडे 'भमोरा' म्हणून जे लाल, खडबडीत फळ खातात, त्याला चीनच्या नैऋत्य भागात 'रानलिची' म्हणतात. त्याचे कुळ निराळेच.

सर्वांत नवल वाटावे असे नाव कारल्याचे आहे. १४०६ मध्ये मिंग राजघराण्यातील झू सू या राजपुत्राने दुष्काळात पोट भरण्याजोग्या ४१४ वनस्पतींचा सचित्र ग्रंथ तयार करवला. त्यात कारले आहे ते 'किनखापी लिची' अशा अर्थाच्या नावाने.

कंग्राळीकर

माहिती रोचक आहे, काका, पण कारल्याला लिची म्हणणे मला ओढूनताणून वाटते. कडू कारले आणि गोड लिची यांत साम्य ते काय? नुसत्या खडबडीत सालीवरून एवढे मोठे नाव द्यायचे?

वाचनालय_निपाणी

आपली शंका रास्त आहे, कारण आपण कारले कोवळेच खातो. एखादे कारले वेलीवर पूर्ण पिकू द्यावे. ते आधी पिवळे, मग गडद नारिंगी होते, आणि एके सकाळी खालच्या टोकाकडून तीन भागांत उकलते. आत प्रत्येक बीभोवती लालभडक, ओलसर, जेलीसारखे आवरण असते. ते जिभेवर ठेवल्यास चक्क गोड लागते, कडूपणाचा मागमूस नसतो. नाव देणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कोवळी भाजी नव्हे, हे पिकलेले फळ होते. लिचीप्रमाणे इथेही खाण्याचा भाग म्हणजे बीचे आवरणच, फक्त कुळ काकडी-भोपळ्याचे. आतली बी मात्र खाऊ नये.

निपाणीची_ओपीडी

काकांच्या यादीवर एकच वैद्यकीय पुरवणी. सीताफळाच्या बियांची पूड उवा मारण्यासाठी डोक्याला लावण्याची पद्धत आपल्या खेड्यांत अजून आहे. ती डोळ्यात गेल्यास बुबुळाला गंभीर इजा होते. गर खुशाल खावा, बिया टाकून द्याव्यात, आणि पूड मुलांच्या डोक्याला लावू नये.

शहापूरवासी

सर्वांचे मनापासून आभार. कुंडी आता कठड्याच्या आतल्या बाजूला, जाळीमागे ठेवली आहे. पूर्ण लाल झालेली फळेच तोडणार आणि बाकीची जाळून टाकणार. पुढच्या वर्षी या जागी दुसरे काही लावावे म्हणते. गच्चीवर नाही, पण गावी आमची थोडी पडीक जमीन आहे, डोंगरउताराची. तिथे कोशिंब किंवा वुंब लावता येईल का?

तांबडी_माती (खानापूर)

ताई, डोंगरउताराला कोशिंबच लावावा. तो पानगळीच्या रानातला, कणखर आणि उन्हाळा सोसणारा आहे. वुंबाला सदाहरित रानाची ओल आणि सावली हवी, त्यामुळे तो कणकुंबी-चोर्ल्याच्या बाजूला ज्यांची जमीन आहे त्यांनी, ओढ्याच्या काठाने लावावा.

कोशिंबाची फळे पावसाच्या तोंडाशी पिकून झाडाखाली पडतात. ती गोळा करून गर धुऊन काढावा, बी सावलीत सुकवावी आणि साठवून न ठेवता त्याच पावसात पिशवीत पेरावी. संरक्षित वनातून बी गोळा करण्यापूर्वी वनखात्याच्या स्थानिक कचेरीत विचारावे. गावच्या देवराईत किंवा मालकीच्या शेताच्या बांधावर जुनी झाडे असतात, तिथून मालकाला किंवा गावकऱ्यांना सांगून घेणे अधिक सोपे. वाढ सावकाश असते, म्हणून पहिली काही वर्षे गुरांपासून कुंपण लागेल. पुढे त्याच झाडावर लाखेचा किडा पोसता येतो, आणि कोशिंबावरची कुसुमी लाख पळसावरच्या लाखेपेक्षा उंची मानली जाते. जांबोटी, कणकुंबी किंवा चंदगडकडे ज्यांच्या बांधावर फळणारा कोशिंब आहे, त्यांनी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात फळे पडू लागली की इथे कळवावे, म्हणजे ज्यांना बी हवी आहे त्यांना वेळेत नेता येईल.